मंदीत माणसं टिकवायची कशी? विद्यापीठ, उद्योग आणि सरकार यांच्या स्थानिक भागीदारीबद्दल

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेनार्ड नावाचं छोटं गाव आहे. गावात लोकरी कापडाची एक अवाढव्य गिरणी होती, ती १९५० मध्ये बंद पडली. त्या भागातल्या कापड आणि चामडी बुटांच्या धंद्याला उतरती कळा लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. गिरण्या एकामागून एक दक्षिणेकडच्या स्वस्त मजुरीच्या राज्यांत निघून गेल्या होत्या. १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनिअरांनी त्या गिरणीतली थोडी जागा भाड्याने घेतली. दोघंही एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेतून आलेले, आणि ती प्रयोगशाळा चालायची सरकारच्या संरक्षण खात्याच्या पैशावर. त्यांच्या नव्या कंपनीला ७० हजार डॉलर दिले ते ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ नावाच्या संस्थेने. कंपनीचं नाव डिजिटल इक्विपमेंट. पुढे ती जगातल्या आघाडीच्या कॉम्प्युटर कंपन्यांत जाऊन बसली आणि जुनी गिरणी तिचं मुख्यालय झाली.

ही गोष्ट बहुतेक वेळा दोन हुशार तरुणांच्या धडाडीची म्हणून सांगितली जाते. ती धडाडी होतीच. पण त्यांना पैसे देणारी संस्था आली कुठून, हे बघितलं की खरी गंमत कळते. १९२५ मध्ये त्या भागातल्या सहा राज्यांच्या गव्हर्नरांच्या पुढाकाराने ‘न्यू इंग्लंड कौन्सिल’ स्थापन झाली होती आणि तिथे कारखानदार एकत्र बसत होते. १९३० च्या महामंदीत एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन त्यांच्यापुढे एकच मुद्दा मांडत राहिले: आपल्याकडे कोळसा नाही, लोखंड नाही, कापूस नाही, आहे ती विद्यापीठं आणि शिकलेली माणसं, तेव्हा गेलेल्या गिरण्यांमागे धावण्यापेक्षा विज्ञानातून नवे धंदे उभे करू. त्या विचारातून १९४६ मध्ये ती गुंतवणूक संस्था उभी राहिली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरियो तिचे प्रमुख होते. बोलणी सुरू झाली महामंदीत, संस्था झाली महायुद्ध संपल्यावर आणि मोठं फळ दिसलं त्याच्याही दहा-वीस वर्षांनी.

विद्यापीठ, उद्योग आणि सरकार यांनी एखाद्या शहरापुरतं किंवा प्रदेशापुरतं एकत्र येऊन नवं काही घडवणं म्हणजे स्थानिक भागीदारी. कुठे त्याला करार म्हणतात, कुठे क्लस्टर, कुठे सायन्स पार्क. हेन्री एट्झकोविट्झ आणि लोएट लेडेसडॉर्फ या दोन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात याला ‘ट्रिपल हेलिक्स’, म्हणजे तीन पदरांचा पीळ, असं नाव दिलं. नाव काहीही द्या, प्रश्न साधा आहे. मंदीत सगळ्यांच्याच हाती पैसा कमी असतो, मग त्या वेळी या तिघांनी एकत्र येऊन नेमकं करायचं काय? या विषयावरचे अहवाल पाहिले तर त्यांत पैशाचीच चर्चा जास्त सापडते. माझं म्हणणं असं की पैशापेक्षा मोठा प्रश्न माणसांचा आहे. यंत्र दोन वर्षं झाकून ठेवता येतं. वीस वर्षांचा अनुभव असलेला टूलरूममधला, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागातला, माणूस झाकून ठेवता येत नाही. तो दुसऱ्या शहरात जातो, दुसऱ्या धंद्यात जातो, आणि मंदी उठल्यावर परत येत नाही.

तिघांची गरज का पडते

एखादी कल्पना प्रयोगशाळेतून बाजारात येईपर्यंत कितव्या टप्प्यावर आहे हे मोजायची एक मोजपट्टी अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने तयार केली. आता ती जगभर वापरतात. तिच्यात नऊ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मूलभूत तत्त्व कळलेलं असतं, नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष वापरात चालून दाखवते. विद्यापीठाचं काम साधारण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबतं, कारण प्रयोग यशस्वी झाला, शोधनिबंध छापून आला, विद्यार्थ्याला पदवी मिळाली. कंपनी मात्र सातव्या पायरीच्या आसपास रस घेते, कारण तिथे धोका कमी झालेला असतो. मधल्या पायऱ्यांवर काम किचकट असतं. नमुना बनवायचा, तो मोडायचा, पुन्हा बनवायचा, चाचण्या घ्यायच्या, प्रमाणपत्रं मिळवायची. त्यातून धड शोधनिबंधही निघत नाही आणि धड विक्रीही होत नाही, म्हणून त्याचा खर्च उचलायला कुणी तयार नसतं. सरकारने हात घालावा अशी जागा मुख्यतः हीच.

जर्मनीत १९४९ पासून फ्राउनहोफर संस्था हेच मधलं काम करते. तिच्या संशोधन केंद्रांना ढोबळमानाने एक तृतीयांश पैसा सरकारकडून थेट मिळतो. बाकीचा उद्योगांची कामं करून आणि सरकारी प्रकल्पांसाठी स्पर्धेत उतरून मिळवावा लागतो. सगळा पैसा सरकारने दिला असता तर केंद्र उद्योगांकडे पाठ करून बसलं असतं, आणि सगळा उद्योगांकडून घ्यावा लागला असता तर मंदी येताच केंद्रालाच टाळं लागलं असतं.

आता मंदीकडे येऊ. कागदावर बघितलं तर नवं संशोधन करायला मंदीसारखी वेळ नाही. यंत्रं रिकामी आहेत, ऑर्डरी नाहीत, अनुभवी माणसं मोकळी आहेत. उत्पादन थांबवून प्रयोग केला तरी फारसं नुकसान होत नाही. प्रत्यक्षात उलटंच घडतं. कंपन्या संशोधनाचा खर्च आधी कापतात, कारण तो कापल्याचा परिणाम या तिमाहीत दिसत नाही. फिलिप आगियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या कंपन्यांची आकडेवारी तपासून २०१२ मध्ये दाखवलं की ज्यांना कर्ज सहज मिळतं त्या कंपन्या मंदीतही संशोधनात गुंतवणूक टिकवतात, वाढवतातही; ज्यांची बँकेकडे अडवणूक होते त्या ती कापतात. म्हणजे संशोधन थांबतं ते इच्छा नसल्यामुळे नव्हे, तर पुढच्या महिन्याचा पगार कसा द्यायचा या विवंचनेमुळे. त्याच वेळी सरकारचा महसूल घटलेला असतो आणि विद्यापीठाचं अनुदान रखडलेलं असतं. तिघंही एकाच वेळी आखडता हात घेतात. एकेकट्याच्या हिशेबाने तो निर्णय बरोबर असतो, पण प्रदेशाच्या हिशेबाने घात करणारा असतो.

२००९ मधला डच तोडगा

हा हिशेब कसा बदलता येतो याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. तिथलं आइंडहोवन शहर फिलिप्स कंपनीवर आणि डाफ या ट्रक कंपनीवर उभं होतं. १९९० नंतर फिलिप्सने जगभर हजारो नोकऱ्या कापल्या, त्यातल्या अनेक घरच्या मैदानावर. १९९३ मध्ये डाफ दिवाळखोरीत गेली. तेव्हा शहराचे महापौर, तिथल्या तांत्रिक विद्यापीठाचे प्रमुख आणि व्यापारी मंडळाचे प्रमुख एकत्र बसले, आसपासच्या नगरपालिकांना सोबत घेतलं, युरोपीय निधी मिळवला आणि छोट्या कंपन्यांना उभं करायला सुरुवात केली. या बैठकींची सवय पुढे मोडली नाही.

ती सवय २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात उपयोगी आली. सेमीकंडक्टर चिप बनवणाऱ्या कारखान्यांनी जगभर नवी यंत्रं घेणं थांबवलं. ती यंत्रं बनवणारी एएसएमएल ही कंपनी आइंडहोवनजवळचीच. तिची वर्षाची विक्री २००८ मध्ये साधारण २९५ कोटी युरो होती, ती २००९ मध्ये १६० कोटींवर आली. तिच्यासारख्या कंपन्यांकडे आणि त्यांच्या पुरवठादारांकडे शेकडो संशोधक-इंजिनिअर काम नसताना बसून होते. नेहमीचा मार्ग म्हणजे त्यांना नारळ देणं. डच सरकारने २००९ मध्ये वेगळी योजना आणली: कंपनीने आपले संशोधक तात्पुरते विद्यापीठांत आणि सार्वजनिक संशोधन संस्थांत पाठवायचे, त्यांच्या पगाराचा मोठा भार सरकारने उचलायचा, आणि त्यांनी तिथे कंपनीच्याही उपयोगाच्या विषयावर काम करायचं. नोकरी कंपनीतलीच राहायची. मागणी आली की माणूस परत.

आणि मागणी आली. २०१० मध्ये एएसएमएलची विक्री ४५० कोटी युरोंवर गेली. त्या वाढीचं श्रेय या योजनेला देणं चुकीचं होईल, ती चिपच्या बाजाराने दिली. पण माणसं हातची घालवली असती तर वर्षभरात जवळपास तिप्पट झालेलं काम कुणी केलं असतं? अशा यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर तयार व्हायला काही वर्षं लागतात. योजनेचा दुसरा फायदा कमी बोलला जातो. महिनोन्‌महिने विद्यापीठात बसलेल्या इंजिनिअरला तिथला प्रत्येक प्राध्यापक, प्रत्येक यंत्र माहीत होतं, आणि प्राध्यापकालाही कारखान्यात नेमकं कुठे अडतं ते कळतं. योजना संपते, ओळखी राहतात.

जर्मनीने त्याच वर्षी दुसऱ्या वाटेने तेच साधलं. कामाचे तास कमी करून माणसं नोकरीत ठेवायची त्यांची जुनी पद्धत होतीच. त्याच्या जोडीला मध्यम आणि छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठीच्या योजनेत मंदीवरच्या उपायांचा भाग म्हणून ९० कोटी युरो जादा घातले. रस्ते आणि पूल बांधण्याच्या पॅकेजमध्ये छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला एवढी जागा मिळणं ही साधी गोष्ट नाही.

छोट्या कारखान्याच्या दारात

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. पण बहुतेक प्रदेशांत रोजगार असतो तो छोट्या कारखान्यांत, आणि तिथे ‘नवोपक्रम’ हा शब्द ऐकला की मालक कपाळाला आठ्या घालतो. त्याची अडचण समजून घेतल्याशिवाय भागीदारी कळत नाही.

समजा, पंपांसाठी लोखंडी भाग ओतून देणारी पन्नास-साठ माणसांची फाउंड्री आहे. काही महिन्यांपासून रिजेक्शन वाढलंय. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बाहेरून गुळगुळीत दिसतं. मशीनिंगला गेलं की आतले ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या, उघडे पडतात आणि ते परत भट्टीत टाकावं लागतं. ऑर्डरी जोरात असताना मालक शंभराच्या जागी एकशे दहा ओततो आणि वेळ मारून नेतो. मंदीत भाव पडले की तेच दहा भाग सगळा नफा गिळतात. फोरमनचं म्हणणं, वाळूत ओल जास्त आहे. वाळूचा पुरवठादार म्हणतो, भट्टीतून रस काढताना तापमान कमी पडतंय. दोघंही आपापल्या अनुभवाने बोलत असतात. जवळच्या विद्यापीठात धातुशास्त्र विभाग आहे. कास्टिंग कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय तिथे आहे, साच्यात रस कसा पसरतो ते दाखवणारं सॉफ्टवेअरही आहे. पण मालकाला कुणाला फोन करायचा ते ठाऊक नाही. आणि प्राध्यापकाला वाटतं, ब्लोहोलवर तर ढीगभर लिहून झालंय, यात नवं काय?

ही पहिली भिंत पाडायला काही देशांनी ‘इनोव्हेशन व्हाउचर’ काढलं. सरकार छोट्या कंपनीला एक कूपन देतं, ते फक्त विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत वटतं. नेदरलँड्सने २००४ मध्ये ७,५०० युरोंची १०० कूपनं वाटली. अर्ज हजाराहून जास्त आले, म्हणून सोडत काढली. सोडतीमुळे योजनेचा खरा परिणाम मोजता आला, कारण ज्यांना कूपन मिळालं आणि ज्यांना नाही, त्यांत नशिबापलीकडे फरक नव्हता. संशोधकांना आढळलं की दर दहा कूपनांपैकी साधारण आठ कूपनांतून असं काम झालं जे एरवी झालंच नसतं. कूपनाची रक्कम मोठी नव्हती. तिने मालकाला विद्यापीठाचा उंबरा ओलांडायचं कारण दिलं, एवढंच. पण तेवढंच अडत होतं.

कूपनाने एखादी चाचणी होते. सवय लागायला माणूस लागतो. ब्रिटनमध्ये १९७५ पासून त्यासाठी एक योजना आहे, २००३ पासून तिला ‘नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप’ म्हणतात. नुकताच पदवी घेतलेला तरुण किंवा तरुणी एक ते तीन वर्षं कंपनीत बसून एकच ठरलेला प्रकल्प करते. विद्यापीठातला एक प्राध्यापक नियमित येऊन मार्गदर्शन करतो आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार देतं. आपल्या फाउंड्रीत अशी एखादी इंजिनिअर आली तर ती पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडणार नाही. ती रोज सकाळी वाळूची ओल मोजेल, प्रत्येक ओतकामाच्या वेळचं तापमान टिपेल, कुठल्या पाळीतला माल कुठल्या दिवशी नापास झाला ते समोर लिहील. काही आठवड्यांत दिसेल की दोष ओलीत आहे खरा, पण सगळ्या दिवशी नाही. जुनी वाळू थंड व्हायच्या आत परत वापरली जाते त्या दिवशीच. फोरमन बरोबर होता, पण पुरवठादाराच्या नव्या वाळूतही दोष नव्हता. कारण सापडलं की साच्याचा आराखडा सुधारणं, कमी लोखंडात तोच भाग बनवणं, नव्या मिश्रधातूचं काम मागून घेणं या पुढच्या गोष्टी बोलता येतात. प्रकल्प संपल्यावर त्याच कंपनीत नोकरी करणारेही बरेच असतात.

बाहेरचं ज्ञान घ्यायला आतही थोडं ज्ञान लागतं. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला होता: ज्या कंपनीत स्वतःचं थोडंबहुत संशोधन चालतं तीच दुसऱ्यांचं संशोधन ओळखू, पचवू आणि वापरू शकते. म्हणून मंदीत कंपनीतला एकमेव शिकलेला तंत्रज्ञ गेला तर शेजारचं विद्यापीठ कितीही चांगलं असलं तरी कंपनीच्या उपयोगाचं राहत नाही.

तिघांची तीन कॅलेंडरं

कागदावरच्या बहुतेक भागीदाऱ्या विचारांच्या मतभेदांमुळे मोडत नाहीत, वेळेच्या गणितामुळे मोडतात. कारखान्याला उत्तर पंधरा दिवसांत हवं असतं. विद्यापीठाचं काम सत्राने आणि पीएचडीच्या तीन-चार वर्षांनी चालतं. सरकारचा पैसा आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च करावा लागतो आणि निवडणूक आली की योजनेचं नावच बदलतं. मंदीत ही ओढाताण आणखी वाढते, कारण कारखान्याकडे पंधरा दिवसांपलीकडचा धीर उरलेला नसतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच भागीदारीत दोन वेगांची कामं ठेवणं: चाचण्या, दुरुस्ती, छोटे सल्ले यांसाठी विद्यापीठात असा कायम कर्मचारी, ज्याची बढती शोधनिबंधांवर अवलंबून नाही, आणि लांबच्या प्रश्नांसाठी संशोधक विद्यार्थी. एकाच प्राध्यापकाने दोन्ही करावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

दुसरा अडथळा हक्कांचा. शोध लागला तर पेटंट कुणाचं? विद्यापीठाला छापायचं असतं, कंपनीला लपवायचं असतं. अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना ठेवू दिले आणि त्यानंतर जगभर विद्यापीठांनी पेटंट कचेऱ्या उघडल्या. त्यातून नवी डोकेदुखी जन्माला आली: छोट्या कामासाठीही वकिलांची महिनोन्‌महिने पत्रापत्री. ब्रिटनमध्ये रिचर्ड लॅम्बर्ट यांनी २००३ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात हे दुखणं नेमकं पकडलं, आणि २००५ मध्ये तयार नमुना-करारांचा संच निघाला. हक्क कंपनीकडे असतील तर हा करार, विद्यापीठाकडे असतील तर तो. शोधनिबंध काही काळ रोखून ठेवून आधी पेटंटचा अर्ज करायचा, ही तडजोडही आता सर्रास करारात लिहिलेली असते. लॅम्बर्ट यांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. अडचण विद्यापीठांकडे द्यायला काही नाही ही नाही, ती उद्योगांकडून पुरेशी मागणीच येत नाही ही आहे, असं ते म्हणाले. योजना आखणारे मात्र अजूनही विद्यापीठाच्या कचेरीला पैसे देतात आणि उद्योगाच्या दारात जायला कुणाला नेमत नाहीत.

तिसरी गोष्ट उद्योगाच्या वाट्याची. बहुतेक सरकारी योजनांत अट असते की निम्मा खर्च कंपनीने रोख करावा. चांगल्या दिवसांत ही अट ठीक, तिच्यामुळे हौशे-गवशे गळतात. मंदीत मात्र ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच या अटीवर बाद होतात. म्हणून रिकाम्या यंत्राचे तास, फोरमनचा वेळ, कच्चा माल हा वाटा म्हणून धरायला हवा. युरोपीय संघाने २०११ मध्ये संकटातल्या सदस्य देशांसाठी प्रादेशिक निधीतला स्वतःचा हिस्सा वाढवून काही ठिकाणी ९५ टक्क्यांपर्यंत नेला, कारण ग्रीस, पोर्तुगाल यांसारख्या देशांकडे स्वतःचा वाटा भरायलाच पैसे नव्हते आणि मंजूर निधी पडून राहायची वेळ आली होती.

इमारती उभ्या राहतात, गावं राहतात का?

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराजवळ ऑरग्रीव्ह नावाची जागा आहे. १८ जून १९८४ रोजी तिथे संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठा संघर्ष झाला. पुढे कोळशाचा धंदा गेला आणि जमीन ओसाड पडली. २००१ मध्ये शेफील्ड विद्यापीठ आणि बोइंग यांनी मिळून प्रगत उत्पादनाचं संशोधन केंद्र सुरू केलं आणि ते या पट्ट्यात उभं राहिलं. टणक धातू जलद आणि अचूक कसे कापायचे हा त्याचा मूळ विषय, आणि पोलादी हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डची शतकांची कसब त्यातच होती. जुन्या धंद्यातलं टिकण्याजोगं ज्ञान शोधून त्यावर नवं काही उभारलं, म्हणून ते रुजलं. कंपन्या वर्गणी भरून सदस्य होतात, सामायिक संशोधन सगळ्यांना मिळतं, खासगी काम वेगळ्या पैशात होतं. आणि केंद्राने शिकाऊ कामगारांसाठी प्रशिक्षण केंद्रही काढलं. या शेवटच्या गोष्टीमुळे मला हे उदाहरण भरवशाचं वाटतं. संशोधन केंद्राच्या दारातून पदवी नसलेल्या मुलामुलींनाही आत यायला मिळालं.

पिट्सबर्गचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. पोलादाचा धंदा कोसळला तेव्हा, जानेवारी १९८३ मध्ये, त्या परिसरातली बेरोजगारी १७ टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ मध्ये शहर, जिल्हा प्रशासन आणि कार्नेगी मेलन व पिट्सबर्ग ही दोन विद्यापीठं एकत्र आली आणि राज्य सरकारकडे ‘स्ट्रॅटेजी २१’ नावाची एकच सामायिक मागणी घेऊन गेली. आधी प्रत्येक जण आपली आपली यादी घेऊन जायचा. नदीकाठच्या पोलाद कारखान्याच्या जागेवर तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं. आज रोबोटिक्स आणि वैद्यकीय संशोधन यांसाठी शहराचं नाव घेतात, आणि ते सार्थ आहे. पण त्याच नदीच्या खोऱ्यातलं ब्रॅडॉक बघा. १९२० मध्ये त्याची लोकसंख्या २० हजारांवर होती, २०१० च्या जनगणनेत ती २,२०० च्याही आत आली. भट्टीवर काम केलेल्या पन्नाशीतल्या माणसाला रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेत काम मिळालं नाही. शहराचं पुनरुज्जीवन झालं म्हणताना कुणाचं झालं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. भागीदारीत संशोधकांइतकंच तंत्रनिकेतनांना, कामगार संघटनांना, बस कुठून कुठे जाते यालाही स्थान लागतं.

फिनलंडचे दोन निर्णय

एकाच देशाने दोन मंदींत दोन उलट निर्णय घेतले तर काय होतं, हे फिनलंडमध्ये बघायला मिळतं. १९९१ ते १९९३ या काळात सोव्हिएत संघाबरोबरचा व्यापार कोसळला, बँका बुडायला आल्या आणि देशाचं उत्पन्न १० टक्क्यांहून जास्त घटलं. बेरोजगारी १९९० मधल्या ३ टक्क्यांच्या आसपासवरून १९९४ मध्ये १६ टक्क्यांच्या वर गेली. सरकारने जवळजवळ प्रत्येक खात्याचा खर्च कापला, संशोधनाचा मात्र जपला. १९९६ मध्ये सरकारी कंपन्यांचे शेअर विकून आलेल्या पैशातला वाटाही त्यात घातला. टेकेस ही सरकारी संस्था पैसे देताना कंपनी आणि विद्यापीठ एकत्र असण्यावर भर द्यायची. १९९१ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या साधारण २ टक्के असलेला संशोधनखर्च दशक संपेपर्यंत ३ टक्क्यांच्या पुढे गेला. त्यात नोकियाचा वाटा प्रचंड होता.

तोच नोकियाचा मोबाइल धंदा २०१० नंतर कोसळला. या वेळी सरकारने संशोधनाचा निधीही कापला, टेकेसच्या वाट्याला मोठी कपात आली. २००९ मध्ये ३.७ टक्क्यांच्या आसपास असलेला संशोधनखर्च २०१६ पर्यंत २.७ टक्क्यांवर आला. या घसरणीत नोकियाच्या स्वतःच्या कपातीचा मोठा भाग आहे हे खरं, पण खासगी खर्च ओसरत असताना सरकारने आधार द्यायच्या ऐवजी तोही काढून घेतला.

त्या पडझडीत ओउलू हे उत्तरेकडचं शहर ज्या प्रकारे सावरलं ते शिकण्यासारखं आहे. तिथलं विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झालं, १९७४ मध्ये सरकारी संशोधन संस्थेची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आली, १९८२ मध्ये नगरपालिकेच्या पुढाकाराने तंत्रज्ञान वसाहत झाली. नोकिया मोठी होण्याच्या कितीतरी आधीपासून तिघांना एकमेकांचे फोन नंबर पाठ होते. २०११ पासून नोकियाने जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना स्वतःचा धंदा काढायला प्रत्येकी २५ हजार युरोंपर्यंत मदत दिली. २०१४ मध्ये, नोकियाचा मोबाइल धंदा विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्टने शहरातलं मोबाइलचं काम बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा रेडिओ तंत्रज्ञान जाणणारे शेकडो इंजिनिअर एकदम मोकळे झाले. त्याच वर्षी नॉर्डिक सेमीकंडक्टर आणि मीडियाटेक या परदेशी कंपन्यांनी तिथे कचेऱ्या उघडल्या, कारण अशी माणसं एकगठ्ठा दुसरीकडे मिळणं अवघड होतं. बोटातल्या अंगठीने झोप मोजणारी ओउरा कंपनी २०१३ मध्ये याच शहरात सुरू झाली. २०१८ मध्ये विद्यापीठाने ६जी संशोधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि त्यात नोकियाही भागीदार होती.

फिनलंडच्या सगळ्या प्रमुख पक्षांनी पुढे मिळून ठरवलं की संशोधनाचा निधी दर अर्थसंकल्पात भांडून ठरवायचा नाही. १ जानेवारी २०२३ पासून तिथे कायदा लागू आहे: सरकारने स्वतःचा संशोधनखर्च २०३० पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या १.२ टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, खासगी क्षेत्राचा धरून एकूण खर्च ४ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट त्यामागे आहे. त्यानंतर देशाची अर्थव्यवस्था पुन्हा अडखळली आणि बाकी खात्यांत कपात सुरू झाली. संशोधनाची वाढ मात्र या वेळी कायद्यात लिहिलेली होती.